डावीकडे कललेला घाव

नागोराव परभणीकडचा. हडपसरच्या आमच्या कारखान्यात लेथ मशीन तयार व्हायच्या. लेथचा बेड म्हणजे ज्या लोखंडी पट्ट्यांवर सगळं सरकतं तो भाग. त्याचं शेवटचं काम हातानं. तपासणीच्या पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर घासायची. निळं उमटेल तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी. एका बेडला तीन दिवस. घाई चालत नाही.

स्क्रेपरचा घाव प्रत्येकाचा वेगळा उमटतो. नागोरावचा चंद्रकोरीसारखा, डावीकडे कललेला. माझा आखूड, सरळ. वीस वर्षं आम्ही शेजारी उभे राहून काम केलं.

ब्याण्णवच्या सुमारास सकाळी त्याचे हात थरथरू लागले. गेटबाहेरच्या दारूच्या दुकानात तो संध्याकाळी थांबायचाच, आता सकाळीही थांबू लागला. पोटात गेली की हात स्थिर, दुपारी पुन्हा थरथर. बारीक काम मी उरकून द्यायचो, जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट संपल्यावर. मैत्री म्हणून.

दोन वर्षांनी एका रविवारी त्याची बायको मुक्ताई घरी आली. चहाला हात लावला नाही.

"भाऊजी, ह्यांचं काम तुम्ही करता?"

"थोडंफार, वहिनी. नोकरी टिकावी म्हणून."

"नोकरी टिकली. माणूस संपत आलाय. डोळे पिवळे झालेत. पिऊन स्कूटर चालवली म्हणून पोलिसांनी धरलं, तर कोर्टात दंड भरून तिथूनच प्यायला गेले. मी बोलले की म्हणतात, माझा एकही बेड परत आला नाही, मला काय झालंय?"

मी तिचा कप उगाच पुढे सरकवला.

"उद्यापासून करू नका. न करणं तरी जमेल ना?"

सोमवारी नागोरावनं नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. मी हात खिशात घातले. कामाच्या वेळी पहिल्यांदाच.

"रुसलास का रे?"

"तुझा बेड आहे. तू कर."

तिसऱ्याच घावाला स्क्रेपर निसटला. बेडवर खोल चरा पडला.

तपासणीवाल्या दत्तप्रसादला नागोरावच्या तोंडाचा वास आला. तो माझ्याकडे वळला. "काय माधवराव, आज सुट्टीवर वाटतं? दोन वर्षं यांचा नंबर टाकलेल्या बेडवर तुमचे सरळ घाव बघतोय. म्हटलं, हातांनाही बदली कामगार मिळतो की काय."

चौकशी बसली. कामावर पिणं म्हणजे बडतर्फी. परदेशी मशीन येऊ लागल्या होत्या, माणसं कमी करायला निमित्त हवंच होतं. मी खरं ते सांगितलं आणि शिक्षा म्हणून चार दिवस बिनपगारी घरी बसलो. इतक्या वर्षांची नोकरी बघून नागोरावला एकच संधी मिळाली. उपचार घ्यायचे, परत येऊन एकट्यानं एक बेड पास करून दाखवायचा.

डॉक्टरांनी त्याला दाखलच करून घेतलं. इतकी वर्षं पिणाऱ्यानं घरी एकदम सोडली तर झटके येतात, जीवही जातो, म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी गेलो. नागोरावला भान नव्हतं. दोन्ही हातांनी तो चादर पुढे ढकलायचा, थांबायचा, फुंकर मारायचा, पुन्हा ढकलायचा.

"सकाळपासून हेच," मुक्ताई रडकुंडीला आली होती. "काय करतायत हे?"

"बेड खरवडतोय, वहिनी."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्याचं काम तिनं आज पाहिलं. मग तिनं त्याच्यापुढची चादरीची सुरकुती हलकेच सरळ केली.

तीन महिन्यांनी नागोराव कामावर आला, निम्मा होऊन. त्या बेडला सात दिवस लागले. आठव्या दिवशी दत्तप्रसादनं पट्टी फिरवली. एका कोपऱ्यात निळं दाट उमटलं.

"इथे उंच आहे. दुपारपर्यंत वेळ देतो."

माझा हात आपोआप स्क्रेपरकडे गेला. नागोरावनं मान वर केली नाही.

"माधव, खिशात."

मी हात खिशात घातले.

दुपारी दत्तप्रसादनं रंग पुसून वाकून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चंद्रकोरी, सगळ्या डावीकडे कललेल्या. "आठवडा लावलात," म्हणाला आणि शिक्का मारला.

नागोराव मुक्ताईला फोन करायला गेटबाहेर निघाला. फोनचं बूथ दारूच्या दुकानाला लागूनच होतं. मी सोबत गेलो नाही. गेटच्या आतच उभा राहिलो.

पाच मिनिटांत परत आला.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"काही नाही. डबा संपवा म्हणाली."