थंड बाक

गॅसच्या पाइपलाइनवर मी सुपरवायझर आहे. काल दुपारी आमची माणसं जोडलेल्या पाइपांची लांब ओळ क्रेननं उचलून चरात उतरवत होती. हवेत ती वेतासारखी सहज लवली. पाइप वाकवायचं मशीन चालवणारे गायकवाड मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, “भार काढला की ही आपोआप सरळ होते, साहेब.”

मग त्यांनी मशीनमध्ये दुसरा पाइप घेतला. त्याला तापवलं नाही, जाळ लावला नाही. नुसतं थोडंथोडं दाबत बाक दिला आणि मशीन उघडलं. पाइप वाकलेलाच राहिला.

“हा होईल का सरळ?” मी विचारलं.

“नाही. हा आतूनच बदलला आता.”

आमची मुलगी तापानं गेली, त्याला दोन वर्षं झाली. माझ्या बायकोनं आकांत केला नाही. ती रोज थोडी थोडी गप्प होत गेली. काही काळ लोटला की सावरेल, असं मी धरून चाललो होतो.

तिथूनच मी घरी फोन लावला. तिनं उचलला.

“जेवलीस का?”

पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता.

“काहीतरी बोल गं,” मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला नाही, आणि ती बोललीही नाही.