अण्णाच्या डाव्या गाठी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. मी सुरतेत, लिंबायतला राहतो. यंत्रमागाच्या कारखान्यात तयार कापड तपासतो — दोष शोधणं हाच धंदा. कुणी मुंजाबिंजाचं सांगायला लागलं की मी टर उडवायचो.

फावल्या वेळात विज्ञानकथा लिहितो. एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेत माझ्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्यात एक मशीन कारागिराच्या हातांची सवय शिकतं. कारागीर सकाळच्या पाळीत मागासमोरच मरतो, पण मशीन त्याच्यासारख्याच गाठी मारत राहतं... आणि आत अडकलेल्या त्याला आपण मेलोय हे कळतच नाही. शेवटचं वाक्य होतं, 'त्याची पाळी संपली नाही.' परीक्षकांना तेच फार आवडलं.

आळशीपणा मी केला. कारागिराला आमच्याच कारखान्यात माग चालवणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, नावही दिलं आणि हातही. अण्णाच्या उजव्या अंगठ्याचं पेर गावी चारा कापताना गेलेलं. तुटलेला धागा जोडताना त्याची गाठ डावीकडे पडायची, शेपूट लांब राहायचं. कारखान्यात तशी गाठ दुसऱ्या कुणाचीच नव्हती. मी डोळे मिटून बोटांनी ओळखायचो.

कथा घरी वाचून दाखवली तेव्हा वहिनीचा चेहरा उतरला. "जित्ता मानूसनं मरन लिखू नही, भाऊ. नाव तरी बदला."

अण्णा हसला. "बक्षीस भेटनं ना? मंग राहू दे."

मीही हसलो. शहाणा ना मी!

चार महिन्यांनी, सकाळच्या पाळीत, अण्णा मागासमोरच कोसळला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. योगायोग म्हणून मी मनाची समजूत घातली.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो. अण्णाच्या मागावर आता नवा कारागीर होता, ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, रोलही नवाच चढवलेला; अण्णाचा हात लागलेला एकही धागा त्यात नव्हता. त्याचं कापड टेबलावर पसरून हात फिरवला आणि बोट थांबलं. गाठ डावी, शेपूट लांब. वीतभर पुढे आणखी एक. नव्याला विचारलं तर म्हणाला, "इस मशीन पे धागा टूटता ही नहीं, भाई. मैंने एक भी गाँठ नहीं मारी."

वहिनीला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ती रडली नाही. "तुम्हीनच अडकाडं त्यास्ले. आते तुम्हीनच सुट्टी द्या. दुसरी गोष्ट लिखा."

लिहिली. तिच्यात भोंगा वाजतो, अण्णा डबा उचलतो आणि घरी येतो. त्या खडखडाटात मागाशेजारी उभं राहून मोठ्यानं वाचलीसुद्धा. दुसऱ्या दिवशीच्या कापडात गाठी होत्याच.

याचं उत्तर कुणाकडे असेल तर सांगा, हात जोडतो... त्या गाठी दोष म्हणून लिहायला हव्यात, पण माझा हात धजत नाही. संध्याकाळी घरी गेलो की वहिनी पाण्याचा तांब्या देते आणि रोज विचारते, "तुमना भाऊले सुट्टी भेटनी का?"

मी हो म्हणतो.