धुक्यातला ट्रंक कॉल

रझिया अत्तार आणि मी पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन हाताने जोडून देत, कितीतरी वर्षे शेजारी शेजारी बसलो. मला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर नोकरी मिळाली, तिला आवाजावर. तिचा आवाज मोठा नव्हता, पण लांब जायचा. प्रत्येक अक्षर सुटे, स्वच्छ. दोन्हीकडून खरखर चालू असताना ती शांतपणे म्हणायची, "बोलत राहा, लाइन सोडू नका," आणि माणसे खरोखरच लाइन सोडत नसत.

आता ती वारज्याला मुलाकडे असते. गुडघे बदलून घेतलेत, तरी रोज सोसायटीला चार फेऱ्या मारते. पण मला सांगायची आहे ती १९७३ची गोष्ट. तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते. गंज पेठेत आई मदिनाबी आणि धाकटा भाऊ यांच्यासोबत ती राहायची. सकाळची ड्यूटी नसली की पहाटे पर्वती चढून यायची आणि वरून दक्षिणेकडची डोंगररांग बघत बसायची.

ती रांग कात्रजच्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत जाते. एका दिवसात ती सगळी चालून जायची आमच्या ऑफिसातल्या पुरुषांची रीत होती. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी ते निघत. वाटेत टेकड्या किती, याबद्दल एकमत नसे. कोणी तेरा म्हणे, कोणी सोळा. ज्याला जसा दम लागला असेल तसा आकडा. आम्हा ऑपरेटर मुलींनाही न्या, असे रझियाने तीन वर्षे विचारले. तीन वर्षे आप्पासाहेब नाही म्हणाले.

आप्पासाहेब आमचे सुपरवायझर. मूळचे धायरीच्या शेतकरी घरातले, आणि हे ते कोणाला विसरू देत नसत. "ह्या डोंगरात मी गुरं राखली आहेत," असे ते ट्रंक बुक करायला आलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. चौथ्या वर्षी ते रझियाला म्हणाले, "या. पण अट ऐका. संध्याकाळी सहाच्या बसच्या आत सगळ्याजणी सिंहगडाच्या पायथ्याला पोचल्या पाहिजेत. पोचलात, तर पुढे दरवर्षी या. बस चुकली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

रझियासाठी एवढी परवानगीही फार मोलाची होती. मदिनाबी एवढ्यावरच तयार झाल्या होत्या, की ऑफिसची मंडळी आहेत, सोबत वडीलधारे आप्पासाहेब आहेत. हे दार बंद झाले असते, तर डोंगर तिला पर्वतीवरूनच बघावे लागले असते. एकटीला कोण जाऊ देणार होते?

आम्ही पाचजणी निघालो. मी साडी वर खोचली होती, रझियाने सलवार-कमीज घातला होता. शकू नावाची आमच्यातली सगळ्यात लहान ऑपरेटर आदल्याच दिवशी लक्ष्मी रोडवरून आणलेले कॅन्व्हासचे बूट घालून आली होती. दुसऱ्या टेकडीवर ती लंगडायला लागली, चौथीवर बूट हातात आले.

"शकू, फिरायला तू आलीस की बूट?" मी विचारले.

"ताई, तुमची साडी आधी त्या काट्यातून सोडवा, मग बोला."

पुरुष एक टेकडी पुढे होते. जेवणानंतर धुके आले. समोरचा सिंहगड गेला, मग पुढची माणसे गेली, मग पुढची टेकडीच गेली. रझियाने लगेच सुरू केले, "पोझिशन एक?" आम्ही बोर्डावर ज्या क्रमाने बसायचो, त्याच क्रमाने ओ द्यायची. "आहे!" "पोझिशन दोन?" "आहे, पण पाय नाहीत!" अशा आम्ही हसत, घसरत, एकीलाही न हरवता एका खिंडीत उतरलो.

तिथे एक बाई गवताचा भारा टेकवून बसली होती. बायडाबाई तिचे नाव. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितले.

"बायामाणसं हितं कुठं वं?"

"गडावर. आमचे लोक पुढे गेलेत, दिसले का?"

"दिसले की. ते धायरीच्या वाटंनं उतरले. गडाची वाट ही डावीकडची. नीट जाशीला तर उन्हं कलायच्या आत खाली असशीला."

शकूने टाळीच वाजवली. "झालं! आपण जाऊ, बस पकडू. उद्या बघू एकेकाची तोंडं."

खरे सांगायचे तर मलाही ते पटले. एवढ्यात बायडाबाई भारा उचलता उचलता म्हणाली, "पर ती धायरीची वाट आता ऱ्हायली न्हाई. खाली खाण केलीया. धुक्यात कडा दिसायचा न्हाई."

रझिया डाव्या वाटेकडे बघत होती. तिकडे धुके थोडे विरळ झाले होते, आणि गडाचा काळा खांदा दिसत होता. तिने क्षणभर तो बघून घेतला आणि पाठ फिरवली.

"चला, त्यांना लाइनवर घेऊ," ती म्हणाली.

आम्ही आधी ओरडून पाहिले. आवाज दोन्हीकडच्या डोंगरांवर आपटून परत येई. खालच्यांना तो कुठून येतोय हे कळले नसते. तेव्हा रझियाने आम्हाला धायरीकडे उतरणाऱ्या सोंडेवर उभे केले, एकीला दुसरी दिसेल एवढ्या अंतरावर. मी खिंडीत, म्हणजे ट्रंक लाइनच्या हिशेबाने मी पुणे. माझ्या खाली सातारा, मग कऱ्हाड.

"मी कोल्हापूर," शकू म्हणाली. "मला बेळगाव नको, ती लाइन कायम खराब."

सगळ्यात खाली रझिया गेली. तिथून तिचा ड्यूटीवरचा आवाज आला, "हॅलो, पुणे ट्रंक. आप्पासाहेब आहेत का?"

खूप वेळाने खालून उत्तर आले. "मिस अत्तार, चेष्टा पुरे! इथे पुढे जमीन नाही!"

"मग पुढे जाऊ नका. आवाजाकडे या. बोलत राहा, लाइन सोडू नका."

"काय बोलू?"

"काहीही. धायरीचं सांगा."

आणि आप्पासाहेब बोलत बोलत चढायला लागले. धापा टाकत त्यांनी आपल्या गाईंची नावे सांगितली. संध्याकाळी गुरे याच वाटेने घरी न्यायचो, असे सांगितले. मग जरा थांबून म्हणाले, "धुकं आलं आणि पाय आपोआप घराकडे वळले हो. संपत विचारत होता, त्या गवतवालीला वाट विचारू का. मीच म्हटलं, मला काय विचारायची गरज?"

लाइनमन संपत सगळ्यात आधी कोल्हापूरला पोचला. कोल्हापूरने त्याला कऱ्हाडकडे पाठवले, कऱ्हाडने साताऱ्याकडे. एकेक माणूस धुक्यातून वर येत होता आणि मी मोजून घेत होते. सगळ्यात शेवटी आप्पासाहेब आले. टोपी गेली होती, कोपर खरचटले होते. त्यांच्या मागे रझिया.

उरलेल्या टेकड्या आम्ही एकत्र चाललो. पायथ्याला आलो तेव्हा उजेड होता, बस मात्र नव्हती. चहाच्या टपरीवाल्याने आनंदाने सांगितले, "आत्ताच गेली!"

रझियाच पुढे झाली. "आप्पासाहेब, बस चुकली. अट अट असते. मी पुन्हा विचारणार नाही."

तिचा आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता, पण हात दुपट्ट्याच्या टोकाशी चाळा करत होते.

"साहेब," संपत बशीतला चहा फुंकत म्हणाला, "बस आपलीपण चुकलीच की."

"कळलं. तुला कोणी विचारलं?" आप्पासाहेब खेकसले. मग बाकावर टेकले आणि कोपर चोळू लागले. "म्हणजे त्या अटीने पुढच्या वर्षी आम्हालाही बंदी. मग ऑफिसातून डोंगरावर जाणार कोण, आपला टायपरायटर?"

शकू हसली आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

"अट मी घातली, मीच मोडतो," ते रझियाला म्हणाले. "पुढच्या वर्षी कोणाकोणाला न्यायचं ते तुम्ही ठरवा. पुढे तुम्ही चाला. मी मागून येतो. आणि आई नाही म्हणाल्या, तर मी येऊन बोलेन त्यांच्याशी."

"त्या नाही म्हणणार नाहीत," रझिया म्हणाली. "तुम्ही मागे असाल, हे मात्र त्यांना सांगायला नको."

आप्पासाहेब पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

आम्ही भाजीच्या ट्रकमधून, पोत्यांवर बसून शहरात परतलो. पुढच्या वर्षी आम्ही अकराजणी होतो. कात्रजच्या बोगद्यावर उन्हे नुकतीच आली होती, आकाश अगदी मोकळे होते, आणि सगळ्यांच्या पुढे रझिया होती. पहिल्या चढावर मागून आप्पासाहेबांची हाक आली, "मिस अत्तार, जरा हळू!"

ती हळू झाली नाही. वळून तिने फक्त सगळ्यांना एकदा मोजले आणि चालू लागली.