हाक मारल्यावर ऐकते का?

"मंगलची आई, मी तुमच्यासमोरच बसलेय. तुम्ही नेहमीच एवढ्या मोठ्यानं बोलता का?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मला रागच आला. आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या या लेडी डॉक्टर आमच्या पिंपरीच्या शाळेत आल्या होत्या. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची तब्येत कशी असते, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. माझी मंगल तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली, त्यामुळे त्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं.

त्यांच्याकडे आयांना विचारायच्या प्रश्नांचा छापील फॉर्म होता. त्यात एक प्रश्न होता, हाक मारल्यावर ऐकते का? मी ठणकावून सांगितलं, ऐकते, एका हाकेत येते. डॉक्टरांनी फॉर्म बाजूला ठेवला. मंगलला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि तिच्यामागे चार पावलांवरून हळू आवाजात म्हणाल्या, "मंगल, तुझी रिबन सुटलीय."

मंगल हलली नाही. डॉक्टर दोन पावलं पुढे आल्या, पुन्हा म्हणाल्या. रिबन खरंच सुटली होती. पोर आपली भिंतीवरचा नकाशा बघत उभी.

मग त्यांनी कानात उजेड टाकून पाहिलं. "दोन्ही कानांत परफोरेशन आहे. उजव्यात मोठं, डाव्यात लहान." परफोरेशन म्हणजे कानाच्या पडद्याला पडलेलं भोक. "घरी तिला ऐकू येतं, कारण तुम्ही ओरडून बोलता. घरात कुणी कमी ऐकणारं आहे?"

होतं ना. मंगलचे वडील हॅमर शॉपमध्ये कामाला. तापलेल्या लोखंडावर तिथं शिफ्टभर घण आदळत असतो. सहा-सात वर्षांत त्यांचे कान गेले. त्यांच्यासाठी मी ओरडायची, मी ओरडते म्हणून मंगल ओरडायची. संत तुकाराम नगरात आमच्या आजूबाजूला दोन-तीन घरांत हीच तऱ्हा. कंपनीतल्या माणसाचं घर असंच बोलतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता वर्गाच्या बाईंविषयी. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, तेवढाही मान त्यांना द्यायचा नाही म्हणून. या बाई वर्गात फेऱ्या मारत शुद्धलेखन घालायच्या, आणि मंगलला बसवलं होतं शेवटच्या बाकावर. फळ्यावरची गणितं पैकीच्या पैकी बरोबर, शुद्धलेखनात भोपळा. शिकलेल्या बाईला यात काही खटकू नये? त्यांनी प्रगतिपुस्तकावर शेरा मारला, 'बुद्धी मंद'. मला ऑफिसात बोलावून म्हणाल्या, "यंदा नापास झाली तर नाव काढून घ्या. भांडी घासायला तरी शिकू दे." वर्गात तिला दगड म्हणायच्या, डोक्यात भुसा भरलाय म्हणायच्या. हे मला शेजारच्या शोभाकडून कळलं, ती मंगलच्याच वर्गात होती.

चाकणजवळच्या गावाहून सासूबाईंचा निरोपही आला होता, "न्हाई जमत साळा, तर धाड हिकडं. कांदा निवडायला हात हायेत कुणाला?" म्हणजे मंगलची शाळा राहायची की सुटायची, ते त्या एका वार्षिक परीक्षेवर आलं होतं.

माझाही अपराध सांगून टाकते, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. कान वाहायचा तेव्हा मी त्यात लसूण घालून कढवलेलं तेल सोडायची. आणि शुद्धलेखनापायी मी तिला मारलंय. डॉक्टर म्हणाल्या, "तेल, काडी, पाणी, काही म्हणजे काही कानात घालायचं नाही. आधी कान कोरडा होऊ दे."

त्यासाठी दोन महिने गेले. दर आठवड्याला पुण्याची बस, ओपीडीची रांग, कान साफ करणं, थेंब. न्हाऊ घालताना कानात पाणी जाऊ नये म्हणून व्हॅसलिनचा कापूस. एक दिवस ऑडिओग्राम काढला. बंद खोलीत कानावर यंत्र लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, आणि किती ऐकू येतं त्याचा आलेख काढतात. दुखत बिलकुल नाही.

रांगेतल्या बाकावर बाकीच्या बायका स्वेटर विणायच्या. मी बाईंना काय काय ऐकवायचं ते पाठ करायची. कुठलं वाक्य आधी, कुठलं नंतर, कोणाकोणासमोर. ताप अंगावर घेऊन गेले, पण एक तारीख चुकवली नाही. लोक म्हणतात रागानं माणूस जळतो. मला तर त्या रागानंच चालवलं.

डावा कान औषधांनी भरून आला. संक्रांत झाली आणि उजव्याची तारीख मिळाली. टिम्पॅनोप्लास्टी असं त्या ऑपरेशनचं नाव. कानामागच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून पडद्याला ठिगळ लावतात. पूर्ण भूल देतात. कानामागचे केस काढावे लागले, त्याचंच मंगलला जास्त रडू आलं. तिचे वडील ऑपरेशनच्या खोलीबाहेर एवढ्या मोठ्यानं नवस बोलत होते की नर्स बाहेर आली. बाई वर्गात मंगलला काय म्हणतात, ते मी त्यांना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "मलाबी कुठं ऐकू येतंय? मग मी काय दगड हाय व्हय?"

आठवड्यानं टाके निघाले. दीड महिन्यानं डॉक्टरांनी आत पाहिलं आणि म्हणाल्या, "ठिगळ धरलंय." पुन्हा तिला पाठमोरी उभी करून कुजबुजल्या, "मंगल, तुझी रिबन सुटलीय." मंगलचा हात लगेच वेणीकडे गेला. रिबन सुटलेली नव्हती. मी तिथंच रडले. त्या डॉक्टरांचे उपकार मी या जन्मात फेडू शकणार नाही. घरी आल्यावर वडिलांनी हाक मारली तर मंगलनं कानांवर हात ठेवले.

परीक्षा झाली. मंगल पास झाली, शुद्धलेखनात दहापैकी आठ.

निकालाच्या दिवशी मी लग्नातला शालू नेसले. हातात डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि ते प्रगतिपुस्तक, दुसऱ्या हातात मंगलचा हात. वर्गात पोरं होती, दहा-बारा आया होत्या. मी सर्टिफिकेट टेबलावर आपटलं आणि दोन महिने पाठ केलेलं सगळं म्हटलं. "तुम्ही हिला दगड म्हणालात. हिच्या डोक्यात भुसा आहे म्हणालात. भांडी घासायला शिकवा म्हणालात. कान फुटका होता तिचा, बाई! तुमचे तर धड होते ना?" माझा आवाज घरच्यासारखाच होता, म्हणजे चार वर्गांत गेला असेल. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकलंच माझं," असं काहीतरी पुटपुटल्या. मी म्हटलं, "मोठ्यानं बोला." त्या मोठ्यानं बोलल्या. खोटं कशाला सांगू, फार गोड लागलं.

रस्त्यात मंगलनं माझा हात सोडला. घराच्या वळणावर आल्यावर तिनं विचारलं, "आई, बाई मला दगड म्हणायच्या?"

मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं?"

"त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलायच्या. मला वाटायचं, गजरा छान आहे म्हणतात."

रोज सकाळी अंगणातल्या अबोलीचा गजरा करून ही बाईंसाठी न्यायची. मला वाटायचं भीतीपोटी नेते. तो तिनं पुन्हा कधी केला नाही. दोन वर्षं बाई जे बोलल्या, त्यातला एक शब्द तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तो मी पोचवला, नीट बऱ्या झालेल्या कानात, माझ्याच तोंडानं.

बाईंना मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही. ज्यांची मुलं शाळेत मागे पडतात त्यांना एवढंच सांगते, मुलाच्या पाठीमागे उभं राहून एकदा हळू बोलून बघा. ऐकलं नाही तर तेल न घालता डॉक्टर गाठा. आणि कुणी तुमच्या लेकराला दगड म्हटलं असेल तर भांडायला जरूर जा, सोडू नका. फक्त जाताना लेकराला शेजारणीकडे ठेवून जा.