तांब्यावरची वाटी आणि स्पीकरची घूंऽऽ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बिलोलीकडच्या खेड्यातून नांदेडला आले आणि फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणी विचारायची वाट पाहत बसलं तर कुणी विचारत नाही. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा सासूबाईंनी मात्र विचारलं होतं, "फिजिक म्हंजी काय शिकलीस गं?"

"आत्याबाई, वीज, आवाज, उष्णता."

"हे तर चुलीपाशी बसून बी कळतं," त्या म्हणाल्या, आणि माझी पदवी चुलीपाशीच राहिली.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गावाकडचं मातीच्या माळवदाचं घर बसलं. घरची माणसं वाचली, पण आत्याबाईंचा छतावरचा विश्वास गेला तो गेलाच. लातूरला स्लॅबचं घर बांधलं तरी त्यांनी अंगणात पत्र्याचं शेड घालून घेतलं आणि आपलं बाजलं तिथं टाकलं. शेडला मीटरपासून वेगळी लाइन, वेगळं अर्थिंग. "स्लॅबाच्या घराची तार माझ्या पत्र्याखाली न्हाई यायची," असा हुकूम होता. भूकंप जणू तारेतूनच येतो! उशाशी उपडा तांब्या आणि त्यावर वाटी. जमीन हलली की वाटी वाजणार आणि आत्याबाई अंगणात. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी ही सोय होती. बाकीच्यांनी हळूहळू सोडली. आत्याबाईंनी फक्त वाटी बदलली, पितळेची जाऊन स्टीलची आली.

शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात माझी ट्यूशन चालायची. तेव्हा लातुरात क्लासेसचं पीक असं आलं होतं की गल्लीत दगड टाकला तर फिजिक्सच्या सरांना लागावा. हदगाव-देगलूरहून आईबाप पेट्या-वळकट्यांसकट पोरं आणून सोडायचे. मोठ्या क्लासवाल्यांच्या चकचकीत इमारती, आणि माझा पत्रा. पण काही आया फीच्या आधी हेच विचारायच्या, "वर स्लॅब हाय का पत्रा?" पत्रा म्हटलं की ॲडमिशन पक्की. त्याचं श्रेय आत्याबाई घ्यायच्या. शिकवायची तेवढी मी.

पण उन्हाळ्यात तो पत्रा तव्यासारखा तापायचा. एका वैशाखात आत्याबाईंना दुपारी भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, दुपारी यांना पत्र्याखाली ठेवू नका, एखाद दिवशी महागात पडेल. आत्याबाई म्हणाल्या, "डाक्टराला काय जातंय सांगायला? त्याच्या अंगावर माळवद पडलं होतं का?"

माझा नवरा शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे त्याला सगळ्या गोष्टींवर भावनिक उपाय सुचतो. आईला भजनाचं वेड, म्हणून त्याने बाजारातून असेंबल केलेलं होम थिएटर आणलं आणि हॉलमध्ये मांडलं. भजनं होती माझ्या ट्यूशनच्या कॉम्प्युटरवर, शेडमध्ये. मग यानं खिडकीतून एक लांब ऑडिओची तार ओढली, कॉम्प्युटरपासून हॉलपर्यंत. "आई, दुपारी आत येऊन तर ऐक. देवळात बसल्यासारखं वाटेल."

आश्चर्य म्हणजे त्या आल्या. भजनाच्या लोभानं, पण आल्या. हॉलच्या उंबऱ्याशी सतरंजी टाकली, शेजारी तांब्या उपडा ठेवला, त्यावर वाटी. नवऱ्यानं बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

भजन सुरू व्हायचंच होतं. नुसती खालून येणारी जाड घरघर, आणि वूफरच्या खोक्याशेजारी ती वाटी खुळखुळायला लागली. आत्याबाई तांब्या-वाटी तिथंच टाकून या वयात अंगणात कशा पोचल्या, ते मला अजून कळलेलं नाही.

"जमीन बोलून राहिली!" त्या बाहेरून ओरडल्या. "तवा बी आधी असंच बोलली होती. निघा बाहेर दोघं बी!"

"आई, स्पीकर आहे गं तो."

"स्पीकर घुमतो व्हय असा? मला नको शिकवू. मी ऐकलंय ते."

त्यांनी ते ऐकलं होतं, आम्ही नाही.

नवरा दुकानदाराकडे गेला. तो म्हणाला, नवा स्पीकर आहे, आठ दिवसांत रुळेल. इकडे आत्याबाई पुन्हा पत्र्याखाली जाऊन बसलेल्या, ओला टॉवेल डोक्यावर. मग नवऱ्यानं पक्कड काढली. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढली की घरघर थांबते.

"अहो, ठेवा ती पक्कड," मी म्हटलं. "ती अर्थिंगची पिन आहे. घरघर जाईल, आणि उद्या यंत्रात बिघाड झाला तर शॉक बसून माणूसही जाईल."

"मग काय करायचं मॅडम? तुमचं फिजिक काढा आता."

काढलंच. आधी ऑडिओची तार ॲम्प्लिफायरमधून उपसली. गप्प. परत लावली. घूं. म्हणजे स्पीकर बिचारा निर्दोष. कॉम्प्युटर शेडच्या अर्थिंगवर, ॲम्प्लिफायर हॉलच्या अर्थिंगवर. शेडच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आत्याबाई रोज तुळशीला घालावं तसं पाणी घालायच्या. हॉलचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा. दोन ठिकाणच्या दोन जमिनी, दोघींची विजेची पातळी थोडी वेगळी, आणि नवऱ्याच्या तारेनं त्यांना जोडून दिलेलं. वेगळ्या झालेल्या दोन जावांच्या मध्ये निरोप्या असला की जी कुजबुज चालते ना, तीच स्पीकरमधून ऐकू येत होती.

उपाय सोपा होता, दोन्ही यंत्रं एकाच अर्थिंगवर आणायची. कॉम्प्युटर हॉलच्या लाइनवर घ्यायचा तर स्लॅबाची तार पत्र्याखाली न्यावी लागणार, आणि तो हुकूम माहीत होता. म्हणून मी उलटं केलं. तीन पदरी जाड वायरचं एक्स्टेन्शन शेडच्या बोर्डातून हॉलमध्ये आणलं आणि ॲम्प्लिफायर त्यावर लावला. बटण दाबलं. काही नाही. नवरा स्पीकरला कान लावून म्हणाला, "बंद पडला काय?"

मी अंगणात जाऊन आत्याबाईंना सांगितलं, "तुमच्याच शेडाची वीज आणि तुमचंच अर्थिंग, तुम्ही पाणी घालता ते. स्लॅबाचा काही संबंध ठेवला न्हाई."

त्या खिडकीपर्यंत आल्या. वायर कुठून निघाली, कुठं गेली, सगळी नजरेनं मोजली. "म्हंजी हितली वीज तिथं जाऊन राहिली?"

"हाव."

"तिथली हितं न्हाई ना येत?"

"न्हाई."

त्या आत आल्या. तांब्या उचलला, सरळ वूफरवर उपडा ठेवला, त्यावर वाटी, आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वाटी गप्प होती. मग भजन लागलं, मृदंगाची थाप पडली आणि वाटी खुळखुळली. नवरा बटणाकडे धावला. मीही निघाले होते, पण बी.एस्सी.च्या मानानं जागीच थांबले.

"हे ठेक्यात वाजून राहिलं," आत्याबाई म्हणाल्या. "ह्याचं काय न्हाई. जमिनीला ठेका नसतो."

सतरंजीवर त्या आडव्या झाल्या. डोकं स्लॅबखाली, पाय उंबऱ्याबाहेर. पुढं दोन-तीन उन्हाळ्यांत पायही हळूहळू आत आले. शेजारणींना मात्र त्या सांगायच्या, "आमच्या शेडाच्या विजेवर चालतंय ते सगळं. सून? ती हाय की. तार वढली तिनं."