पूर्णा-दोन कोणी रोखून धरलं?

वडनेर भोलजीच्या फाट्यावर मी पुण्याला निघताना मलकापूरच्या एसटीची वाट पाहत उभी होते आणि मला सोडायला आलेले तिघं दोस्त जरा जास्तच हसत होते. मला तिथंच शंका आली. बाबा बॅग धरून एकच वाक्य घोळवत होते, "वाचल्याबिगर कोनाच्या कागदावर सही करू नको, पोरी." सचिन म्हणाला, "जाय वं बिनधास्त. जहाज आम्ही सांभाळतो." हे 'आम्ही' मला खटकलं. एसटीत बसल्यावरसुद्धा खटकत राहिलं. त्यात मी होते की नव्हते?

जहाज म्हणजे पूर्णा-दोन. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा, एवढंच सामान. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि बेत जमला की फसला हे फासा सांगतो, आकडा मोठा तर जमला. गोष्ट सचिन चालवायचा. रविवारी दुपारी, त्याच्या कृषी केंद्राच्या, म्हणजे बी-खताच्या दुकानाच्या, मागच्या खोलीत, बियाण्यांच्या पोत्यांवर बसून. पृथ्वी सोडून निघालेलं जहाज, आत चारशे माणसं, ड्रमात लावलेली मिरची. पुढच्या ग्रहावर पाणी आहे की नाही, कोणाला माहीत नाही. नीलिमाकडे इंजिन, गजूकडे पाणी, माझ्याकडे हवा. एकच गोष्ट सहा वर्षं चालली.

आम्ही चौघं गावच्या वाचनालयाची पत्रकं वाटत, त्याच्या सभांना बसत मोठे झालो. त्यामुळे जहाजावर कप्तान नव्हता, सभा होती. गळणारी नळी बदलायची तरी ठराव. सूचक कोण, अनुमोदक कोण, हात वर, मग नोंदवहीत. ग्रहांचे नकाशेही उरलेल्या पत्रकांच्या पाठीवरच काढलेले.

पुण्यात पत्रकाला कंटेंट म्हणतात. ते लिहायचीच मला नोकरी लागली. ऑफिसातली एकजण म्हणाली, "तुझी भाषा किती गोड आहे, अजून बोल ना." मी कीबोर्डकडे वळले. माकडाचा खेळ आहे का? घरमालकांनी आडनाव दोनदा विचारलं. ते बहिरे नाहीत. जे माझ्यासारखे गाव सोडून निघाले, त्यांना हे दुसरं विचारणं कशासाठी असतं ते ठाऊक आहे. बाकीच्यांनी विचार करावा.

मग रविवारचा व्हिडिओ कॉल तेवढा आपला. जहाज ग्रहाजवळ पोचलं होतं. सचिन म्हणायचा, खिडकीतून दिसून राह्यला, तांबूस आहे. आणि तेव्हापासून दर रविवारी काहीतरी मोडायला लागलं. आधी ब्रेकचं इंजिन. मग दरवाजा. मग बियाण्याच्या कोठीत बुरशी. आठ महिने! फासा ते स्टीलच्या वाटीत टाकायचे आणि वाटी नेमकी कॅमेऱ्याबाहेर. खण्ण आवाज यायचा आणि सचिन चेहरा पाडून सांगायचा, "दोन पडले."

"वाटी कॅमेऱ्यासमोर आण," मी म्हटलं.

"नेट जाते वं, हलवलं की."

मागून गजू ओरडला, "पुन्यात गेली अन् सीआयडी झाली पोट्टी!"

नेट वाटीनं जातं? मी रीतसर पत्रक काढलं. मथळा, 'पूर्णा-दोन कोणी रोखून धरलं?' फाशांच्या नोंदी जाहीर करा, हवा खात्याला अंधारात ठेवण्याचा डाव बंद करा. ग्रुपवर टाकलं. तिघांनी वाचलं, एकानंही उत्तर दिलं नाही. मला जहाजावरून काढायचं ठरलंय, आता खात्रीच पटली. पुढच्या रविवारी बिनपगारी रजा टाकून, न सांगता गावी जाऊन त्या खोलीच्या दारात उभी राहिले.

तिघं दचकले. मी नोंदवही मागितली. सचिननं गुमान दिली. आठ महिन्यांचे आकडे खरेखुरे लिहिलेले होते. अठरा. सतरा. वीस. एकदाही दोन नाही.

"म्हणजे फसवलंत!"

"हाव, फसवलं," नीलिमा म्हणाली. "पान पाच काढ. अक्षर कोनाचं हाय?"

माझंच होतं. जहाज उतरवण्याचा ठराव सगळे सभासद एका खोलीत हजर असतील तरच, आणि एकमतानंच. पहिल्याच वर्षी मी तो नियम करून घेतला होता. मी तापानं पडेन त्या रविवारी हे मला सोडून उतरतील, अशी तेव्हाही धास्ती. नंतर साफ विसरले.

"तुले सुट्टी भेटे ना," नीलिमा म्हणाली. "मंग काय, आठ महिने खिडकीतून ग्रह पाहात बसायचं? म्हून इंजिन बिघडवलं."

"सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू नियम बदलवला असता, फोनवरूनच," सचिन म्हणाला. "मंग तुयाबिना उतरा लागलं असतं. ते आमाले नव्हतं पाह्यजे."

गजूनं लगेच ठराव मांडला. नीलिमानं अनुमोदन दिलं. तिघांचे हात वर गेले. चौथा वर जाईना. माझाच.

बाहेर कोणीतरी फवारणीच्या पंपाची नळी मागत होतं. कोणी उठलं नाही.

"उतरलो की खेळ संपेल," मी म्हटलं. "मग मला रविवारी कोण बोलावणार?"

"अन् म्हून आमाले चोर ठरवलं काय वं?" गजू म्हणाला. आवाज चढलेला होता, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी हात वर केला. या वेळी फासा सगळ्यांसमोर पडला. चार. जहाज आदळलं, मिरचीचे ड्रम फुटले, चारशेही माणसं वाचली. पाणी निघालं, पण खारं.

गावात राहिलेल्यांनो आणि निघून गेलेल्यांनो, घराच्या ओढीवर गोडगोड मजकूर मी कंटेंट म्हणून पुष्कळ लिहून दिलाय. त्यातलं अक्षरही मला पटत नाही. माझ्यापुरतं सांगते. पुढच्या रविवारी दोन वाजले, कॉल आला नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. मी आपणहून लावला.

"काय झालं?" सचिन.

"काही नाही."

"काही तं पाह्यजे असन तुले. बोल."

"काही नको."

"मंग फोन काऊन केला वं?" त्याला खरोखर संशय आला होता.

मी फोन ठेवला नाही. म्हटलं, "दुकानात कोण आलंय ते सांग." आणि तो, अजून न पटलेल्या आवाजात, सांगायला लागला.