वखारीतली एकच खुर्ची

मला त्या मास्तरांनी फसवलं. चित्रकलेच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. स्वतःला साधी रेघ ओढता येत नसे. भरे नावाच्या गावातल्या माझ्या लाकडाच्या वखारीत नेहमी यायचे, पण कधी बसायचे नाहीत. उभ्यानेच बशीतून चहा पीत, कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते न्याहाळायचे.

एकदा म्हणाले, "समजा, आमची मुलं इथे चित्रं काढायला आली, तर?" दर वाक्यात त्यांचं ते "समजा" असायचंच. मी घासाघीस केली. बदल्यात माझ्या एकट्याचं मोठं चित्र ठरलं.

चित्र आलं. खुर्चीत मी, अगदी रुबाबात. पण मागे सगळे हमाल उभे आणि दारात चहा घेऊन माझी बायको.

"यांना काढायला कुणी सांगितलं होतं?" मी ओरडलो.

"समजा, होते म्हणून काढले."

बायको म्हणाली, "बराबर तर हाय. आमी उभंच असतुया."

तेव्हापासून समोर कोणी उभं असलं की मला खुर्चीत धड बसवत नाही. शेवटी चांगल्या सागाचं लांब बाकडं करावं लागलं. मास्तर मात्र कॉलेज सोडून गेले. त्यांनी परत यावं, त्या बाकड्यावर बसावं आणि मला जाब द्यावा.